‘मदर मक्री’, ‘डॅनी बॉय’ आणि इतर : ही गाणी आयर्लंडची की अमेरिकेची?

अनुराधा, शिकागो

नमस्कार. दर मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाला इथली शिकागो नदी हिरवी रंगवतात आणि त्या आठवड्यात दुकानांपासून उपाहारगृहांपर्यंत तीच ठरावीक आयरिश गाणी वाजत राहतात. त्यामुळे ही गाणी म्हणजे सणाची सजावट, एवढेच माझे मत होते. अलीकडे जॉन मॅकॉर्मॅक यांनी १९११ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘मदर मक्री’ ऐकण्यात आले, आणि म्हाताऱ्या आईच्या रुपेरी केसांचे, तिच्या सुरकुतलेल्या कपाळाचे कौतुक करणारे ते साधे गाणे मनातून जाईना.

माहिती काढू लागले तसा गोंधळ वाढला. ‘मदर मक्री’ची चाल चॉन्सी ओल्कॉट आणि अर्नेस्ट बॉल यांची आहे. ओल्कॉट न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचे, बॉल ओहायोतल्या क्लीव्हलंडचे आणि शब्द लिहिणाऱ्या रायडा जॉन्सन यंग बाल्टिमोरच्या. ‘आय’ल टेक यू होम अगेन, कॅथलीन’ हे गाणे मी आजवर अस्सल आयरिश समजत होते; पण ते १८७५ साली इंडियाना राज्यातल्या प्लेनफील्ड येथे मुलांच्या सुधारगृहात नोकरी करणाऱ्या टॉमस वेस्टनडॉर्फ यांनी लिहिले, आणि त्यात समुद्रापलीकडच्या घराचा उल्लेख असला तरी आयर्लंडचे नाव कुठेच नाही. ‘डॅनी बॉय’चे शब्द तर फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे आहेत.

मग या गाण्यांना आयरिश म्हणावे कशाच्या आधारावर? आणि या प्रकारच्या गाण्यात पुरुषाचा उंच पट्टीतला, टेनर आवाजच का सर्वत्र दिसतो? मॅकॉर्मॅक आणि बिंग क्रॉस्बी सोडून आणखी कोणाला ऐकावे, हेही जाणकारांनी सांगावे.

तबकडीवाला

अनुराधाताई, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. ही अमेरिकन गाणी आहेत आणि तसे म्हटल्याने त्यांची किंमत कमी होत नाही. ती कोणी लिहिली यापेक्षा ती कोणासाठी लिहिली गेली हे पाहिले, तर त्यांच्यातला गोडवा कुठून आला ते कळते.

१८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांच्यातले असंख्य लोक न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, शिकागो या शहरांत येऊन राहिले. पण ‘माय वाइल्ड आयरिश रोझ’ आले १८९९ साली, ‘मदर मक्री’ १९१० साली आणि ‘व्हेन आयरिश आइज आर स्मायलिंग’ १९१२ साली. म्हणजे ही गाणी विकत घेणारे बरेचसे लोक त्या निर्वासितांची मुले आणि नातवंडे होती. त्यांनी आयर्लंड पाहिलेही नव्हते. कोणी पोलिसात होते, कोणी शाळेत शिकवत होते, आणि दिवाणखान्यात पियानो ठेवण्याची ऐपत नुकती कुठे आली होती. त्या पियानोवर ठेवायला छापील स्वरलिपी हवी होती आणि न्यूयॉर्कचे विटमार्क यांच्यासारखे प्रकाशक ती हौसेने पुरवत होते.

याच्या आधी अमेरिकन रंगभूमीवर आयरिश माणूस दिसायचा तो बहुधा दारू पिऊन मारामारी करणारा, नाही तर बावळट. एडवर्ड हॅरिगन आणि टोनी हार्ट या जोडीने १८७० च्या दशकात ‘मलिगन गार्ड’च्या प्रवेशांतून आणि डेव्हिड ब्रॅहम यांच्या चालींतून न्यूयॉर्कच्या आयरिश वस्तीचे बरेच जिवंत, प्रेमळ चित्र काढले, पण तेही विनोदीच होते. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल बंधू बायकांचे कपडे घालून आयरिश मोलकरणींची टवाळी करत, तेव्हा आयरिश संघटनांच्या लोकांनी थेट नाट्यगृहात आरडाओरडा करून तो प्रवेश चालू दिला नाही. याच वर्षांत भावुक गाण्यांना भर आला, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याची थट्टा होत होती तो माणूस या गाण्यांत आईवर माया करतो, प्रेयसीला फुलाची उपमा देतो, देवाचे नाव घेतो आणि स्वच्छ सदरा घालून उभा राहतो. आज आपल्याला जो अतिगोडपणा वाटतो, तो त्या काळच्या श्रोत्याला प्रतिष्ठेचा वाटत होता.

आता ओल्कॉट यांच्याविषयी. त्यांच्याआधी या क्षेत्रात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचे विल्यम स्कॅनलन होते. ते स्वतः गाणी रचत, स्वतःच नायक होत. ‘माव्हूर्नीन’ या नाटकाच्या काळात त्यांचे मन ढळले आणि व्यवस्थापक ऑगस्टस पिटू यांनी त्यांच्या जागी ओल्कॉट यांना घेतले. ओल्कॉट यांची सुरुवात तोंड काळे करून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या मिन्स्ट्रेल मंडळ्यांत झाली होती, ही गोष्ट या गोड गाण्यांविषयी बोलताना सहसा सांगितली जात नाही; सांगितली पाहिजे. पुढची कित्येक वर्षे त्यांनी एकाच साच्याची नाटके केली : जुन्या काळातले आयर्लंड, उमदा नायक, एखादा खलनायक, आणि प्रत्येक अंकात नायकाच्या गळ्याला बेतून केलेले एखादे गाणे. ‘अ रोमान्स ऑफ अ‍ॅथलोन’, ‘बॅरी ऑफ बॅलीमोर’, ‘द आइल ओ’ ड्रीम्स’, ‘शमीन डू’ ही नाटके आज कोणी करत नाही, पण ‘रोझ’, ‘मक्री’, ‘आयरिश आइज’ आणि ‘टू-रा-लू-रा-लू-राल’ ही गाणी अनुक्रमे त्यांतूनच आली आहेत. आपल्या संगीत नाटकांतली कित्येक पदे मैफलीत टिकली आणि मूळ नाटकाची संहिता मात्र कोणी उघडत नाही, तसेच हे झाले.

टेनर आवाजाचे कारणही काही अंशी इथेच आहे. नायक तरुण आणि प्रेमात पडलेला असायचा, आणि त्या काळच्या रंगभूमीच्या संकेताप्रमाणे अशा नायकाचा आवाज उंच पट्टीतलाच असे. दुसरे कारण ध्वनिमुद्रणाचे आहे, पण त्याबद्दल शिरीष अधिक नीट सांगू शकतील.

प्राजक्ता, बॉस्टन

मला हे कौतुक जरा जास्त वाटते. न्यूयॉर्कमध्ये बसून एका प्रकाशकासाठी आयर्लंडचे चित्र रंगवायचे, त्यात ठरावीक हिरवळ, ठरावीक आई आणि ठरावीक शॅनन नदी घालायची, आणि गिऱ्हाइकाला भूतकाळ विकायचा, याला व्यवसाय म्हणतात. तो करायला हरकत नाही; पण प्रतिष्ठेचा लढा वगैरे म्हणू नये. आयर्लंडमधले किती तरी संगीतकार या गाण्यांकडे नाक मुरडूनच पाहत आले आहेत.

अनुराधाताई, तुम्ही शिकागोत राहता म्हणून मुद्दाम लिहिते. याच काळात तुमच्या शहराचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील हे कॉर्क परगण्यातून आलेले गृहस्थ होते आणि त्यांनी आपल्या खात्यातल्या आयरिश शिपायांकडून व शहरातल्या वादकांकडून धुना गोळा करून १९०३ साली १,८५० चालींचा संग्रह छापला. न्यूयॉर्कमध्ये एलन ओ’बर्न डिविट या दुकानदार बाईंनी पाठपुरावा केल्यामुळे कोलंबिया कंपनीने १९१६ साली आयरिश नृत्यसंगीताच्या तबकड्या काढायला सुरुवात केली. स्लायगोहून आलेला मायकल कोलमन १९२० च्या दशकात तिथेच व्हायोलिनवर जे वाजवून गेला, त्याच्या तबकड्या उलट आयर्लंडला गेल्या आणि तिथले वादक त्या ऐकून शिकले. आयरिश संगीत हवे असेल तर ते या बाजूला आहे. ‘आयरिश आइज’ हा तीन मात्रांचा अमेरिकन वॉल्ट्झ आहे.

शिरीष

प्राजक्ताताईंनी दिलेली माहिती बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. कोलमनच्या तबकड्या आणि मॅकॉर्मॅक यांच्या तबकड्या अनेकदा एकाच घरात, एकाच फोनोवर वाजत असणार. शनिवारी नाचायला एक आणि रविवारी जेवणानंतर दुसरी. शिवाय या दोन टोकांच्या मध्येही माणसे होती. रॉसकॉमनमध्ये जन्मलेल्या ॲनी मॅकनल्टी यांनी न्यूयॉर्कमध्ये मुलगा-मुलीला घेऊन उभे केलेले ‘मॅकनल्टी फॅमिली’ हे पथक अ‍ॅकॉर्डियनवर खेड्यातल्या नाचाच्या धुना आणि रंगमंचावरची विनोदी व भावुक गाणी एकाच कार्यक्रमात सादर करत असे, आणि १९३० च्या दशकात त्यांच्या तबकड्या निघत होत्या. श्रोत्यांच्या मनात अस्सल आणि नकली अशी भिंत नव्हती. ती आपण नंतर बांधली.

आता आवाजाविषयी. १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण मायक्रोफोनविना होत असे. गायक एका भोंग्यासमोर उभा राहून गायचा आणि त्याच्या आवाजाच्या जोरावर सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. खर्जाचे स्वर आणि वाद्यवृंदातल्या तंतुवाद्यांचा नाजूक भाग त्यात नीट उतरत नसे, इतका की व्हायोलिनलाही भोंगा बसवावा लागे. उंच पट्टीतला, एकाग्र, स्पष्ट उच्चाराचा पुरुषी आवाज मात्र त्या यंत्राला फार मानवायचा. काळाने, यंत्राने आणि रंगभूमीने एकाच आवाजाला कौल दिला, असे म्हणायला हरकत नाही.

आणि त्या आवाजात मॅकॉर्मॅक यांच्या तोडीचा दुसरा कोणी नव्हता. अ‍ॅथलोन येथे १८८४ साली जन्म, १९०३ साली डब्लिनच्या फेश क्योल स्पर्धेत सुवर्णपदक, मग इटलीत सबातिनी यांच्याकडे तालीम, १९०७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑपेरात पदार्पण, १९०९ साली न्यूयॉर्क, आणि १९१७ साली अमेरिकन नागरिकत्व. १९१६ या एकाच वर्षात त्यांनी मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’मधले ‘इल मिओ तेसोरो’ आणि बॉल यांचे ‘व्हेन आयरिश आइज आर स्मायलिंग’ अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे केली. पहिल्यातली एका दमात घेतलेली लांब तान आजही गायनाच्या शिक्षकांकडून उदाहरण म्हणून ऐकवली जाते. दुसरे ऐकताना लक्ष द्यावे ते याकडे की, हा माणूस हलके गाणे म्हणून त्याला कमी लेखत नाही. व्यंजने तितकीच नेमकी, श्वास तितकाच राखलेला, आणि वरचा स्वर जोर न लावता हलका सोडलेला. ‘आय हिअर यू कॉलिंग मी’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या तबकडीत शेवटचा उंच स्वर ते इतका मंद लावतात की भोंग्याच्या यंत्राने तो टिपला कसा, याचेच नवल वाटते. तेही गाणे इंग्रज चार्ल्स मार्शल यांचे, बरे का.

माझे म्हणणे असे की, ही गाणी आयरिश झाली ती मुख्यतः गाणाऱ्यांमुळे आणि ऐकणाऱ्यांमुळे. मॅकॉर्मॅक ऑपेरा सोडून मैफलीकडे वळले तेव्हा पहिल्या भागात हँडल, मोझार्ट, शूबर्ट असत आणि नंतर आयरिश गाणी येत; ज्या श्रोत्यांना शूबर्टचे वावडे होते तेही त्या शेवटच्या भागासाठी सगळे शांतपणे ऐकत. १९२० साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात अ‍ॅडलेड येथे ब्रिटिश राष्ट्रगीतावरून वाद झाला आणि त्यांनी उरलेला दौरा सोडून दिला. या गायकाच्या तोंडी आयर्लंडचे नाव आले की ते केवळ सजावट राहत नसे, हे त्या काळच्या लोकांना, त्याच्या विरोधकांनाही, कळत होते.

तबकडीवाला

शिरीष यांच्याशी सहमत. लेखकांविषयी एक गोष्ट राहिली होती. या धंद्यात आयरिश आणि ज्यू मंडळी खांद्याला खांदा लावून काम करत होती. ‘बिडीलिया’ आणि ‘माय आयरिश मॉली ओ’ या गाण्यांचे संगीतकार जीन श्वार्ट्झ हंगेरीत जन्मलेले ज्यू, तर गीतकार विल्यम जेरोम आयरिश वंशाचे. याच जोडीने १९१२ साली ‘इफ इट वॉझन्ट फॉर द आयरिश अँड द ज्यूज’ असे थेट या भागीदारीवरच विनोदी गाणे केले आणि आयरिश आईबापांचे पुत्र बिली मरे यांनी ते गायले. ‘हॅज एनीबडी हिअर सीन केली?’ गाजवणाऱ्या नोरा बेझ यासुद्धा ज्यू होत्या. मिक मोलोनी या लिमरिकहून अमेरिकेत आलेल्या गायक-अभ्यासकाने आयुष्याची बरीच वर्षे या इतिहासाला दिली आणि २००९ साली त्याच गाण्याच्या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. ते स्वतः पारंपरिक संगीतातले मानाचे वादक होते, त्यामुळे प्राजक्ताताईंनी त्यांना तरी ऐकावे अशी विनंती.

आणखी एक गमतीची गोष्ट म्हणजे अर्नेस्ट बॉल यांच्या १९०५ सालच्या ‘विल यू लव्ह मी इन डिसेंबर अ‍ॅज यू डू इन मे?’ या गाण्याचे शब्द जेम्स वॉकर यांचे होते, आणि हेच वॉकर पुढे न्यूयॉर्कचे महापौर झाले.

अनुराधा, शिकागो

सर्वांचे आभार. ओ’नील यांचे नाव मला ठाऊक नव्हते, ते आता शोधून वाचते. या गाण्यांत आई, प्रेयसी, अंगाईगीत सगळे आहे, पण गाणारा बहुधा पुरुषच, हे मला खटकते. गायिका कोणी नव्हत्या का? आणि मायक्रोफोन आल्यावर या गाण्यांचे काय झाले?

शिरीष

गायिका होत्या. ‘स्वीट रोझी ओ’ग्रेडी’ हे १८९६ सालचे वॉल्ट्झ गाणे मॉड न्यूजंट यांच्या नावावर आहे आणि त्या स्वतःच ते रंगमंचावर म्हणत असत. ‘डॅनी बॉय’ची कहाणी तर बहुतांशी स्त्रियांचीच आहे. चाल लिमावाडीच्या जेन रॉस यांनी टिपून ठेवली आणि ती १८५५ साली आयरिश चाली गोळा करणाऱ्या जॉर्ज पेट्री यांच्या संग्रहात छापली गेली. वेदरली यांना ती त्यांच्या भावजयीने कोलोरॅडो राज्यातल्या ऊरे या खाणींच्या गावाहून पाठवली आणि त्यांनी आधीच लिहिलेले शब्द तिच्यावर बसवून १९१३ साली गाणे प्रसिद्ध केले. अमेरिकेत १९१५ साली ते ध्वनिमुद्रित करणाऱ्या अर्नेस्टीन शूमान-हाइंक या खालच्या पट्टीत गाणाऱ्या थोर ऑपेरा गायिका होत्या. त्यांचा थोरला मुलगा पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने होता आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर इतर मुलगे अमेरिकेच्या बाजूने. युद्धाला निघालेल्या मुलाचा निरोप घेणारे गाणे म्हणून ‘डॅनी बॉय’ अनेक जण ऐकतात. त्यांनी ही ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकावी. पुढच्या काळात डब्लिनच्या कार्मेल क्विन १९५५ साली आर्थर गॉडफ्री यांच्या स्पर्धेच्या कार्यक्रमात जिंकल्या आणि त्यानंतर अनेक वर्षे सेंट पॅट्रिकच्या सणाला कार्नेगी हॉलमध्ये गात राहिल्या. गाण्यांच्या मध्ये त्या मिस्कील किस्से सांगत, त्यामुळे गोडवा अंगावर येत नाही.

मायक्रोफोनने गाण्याची पट्टी आणि आवेश दोन्ही खाली आणले. ओल्कॉट शेवटच्या रांगेला ऐकू जावे म्हणून गात. बिंग क्रॉस्बी कानाशी गातात. क्रॉस्बी यांची आई माहेरची हॅरिगन, म्हणजे आयरिश वंशाची होती. १९४४ सालच्या ‘गोइंग माय वे’ या चित्रपटात ते तरुण धर्मगुरू झाले आहेत आणि वृद्ध सहकाऱ्याला झोपवताना ‘टू-रा-लू-रा-लू-राल’ म्हणतात. त्या तबकडीचा दहा लाखांहून अधिक खप झाला. १९१३ सालच्या एका विसरलेल्या नाटकातले गाणे असे तीस वर्षांनी पुन्हा घरोघरी पोचले. ‘गॉलवे बे’ हे आर्थर कोलाहन नावाच्या डॉक्टरांचे गाणेही क्रॉस्बी यांनीच १९४८ च्या सुमारास अमेरिकेत गाजवले. मला स्वतःला क्रॉस्बी यांच्यापेक्षा डेनिस डे जास्त आवडतात. त्यांचे मूळ नाव ओवेन मॅकनल्टी, ब्राँक्समध्ये वाढलेला मुलगा, आणि जॅक बेनी यांच्या रेडिओ कार्यक्रमात १९३९ पासून भोळ्या पोऱ्याची भूमिका करणारा. श्रोते हसत असतानाच तो असे निर्मळ टेनर गायचा की हसू थांबावे. वर उल्लेख केलेल्या मॅकनल्टी फॅमिलीशी त्यांचा गोंधळ मात्र करू नका.

ऐकण्याविषयी दोन सूचना. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ या संकेतस्थळावर भोंग्याच्या काळातल्या हजारो तबकड्या विनामूल्य ऐकता येतात, आणि १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाली आहेत. आणि ‘आयरिश आइज’ ऐकताना ध्रुवपदाच्या आधीचा भाग असलेलीच आवृत्ती निवडा. सणाच्या गर्दीत फक्त ध्रुवपद म्हणतात, पण गाणे सुरू होते ते प्रेयसीच्या डोळ्यांत पाणी का आले, या प्रश्नाने. तो भाग गाळला की पुढच्या हसण्याला कारणच उरत नाही.

प्राजक्ता, बॉस्टन

मोलोनी यांची ध्वनिमुद्रिका ऐकली. ‘आयरिश अँड द ज्यूज’ झकास आहे, हे मान्य. ‘मदर मक्री’विषयीचे माझे मत कायम आहे, पण मॅकॉर्मॅक यांची ती तबकडी ऐकताना मी ती मध्येच बंद केली नाही, हेही नोंदवून ठेवते. अनुराधाताई, ओ’नील यांच्या संग्रहातल्या संथ चालींपासून सुरुवात करा. नृत्याच्या धुना नंतर.